आत्या शेवटून पहिली

पत्रिकांचे गठ्ठे घरात आले आणि धम्मपाल गांगुर्डे यांनी त्याच संध्याकाळी जाहीर करून टाकलं, की अंजलीच्या लग्नाची एकही पत्रिका पोस्टानं जाणार नाही, कुरिअरनं जाणार नाही आणि मोबाईलवरून तर मुळीच जाणार नाही. प्रत्येक पत्रिका ते स्वतः घरोघर जाऊन हातात देणार. घोषणा करताना त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि आवाजात शासकीय परिपत्रकाचं वजन होतं. का नसावं? धम्मपालांची उभी नोकरी सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात चाललेली. साहेब आले नि गेले, पण धम्मपालांच्या टेबलावरून निघालेलं पत्र कधी भलत्या गावाला गेलं नाही, हा त्यांचा अभिमान होता. आता अशा माणसाला स्वतःच्या मुलीच्या पत्रिका वाटणं काय अवघड?

"गावं किती आहेत, पाहिलंत का?" त्यांच्या पत्नी साधनाबाईंनी विचारलं.

"पाहतो की," असं म्हणून धम्मपाल भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा काढून जमिनीवर पसरून बसले. दिंडोरी एका टोकाला, सायखेडा दुसऱ्या टोकाला, नांदगाव पार तिसरीकडेच, आणि मध्ये भावकीनं विचार न करता केलेल्या वस्त्या. आपले नातेवाईक एका रेषेत का राहत नाहीत, हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पडला.

तेवढ्यात शेजारचे रहेमानभाई आले. नाशिकच्या जेल रोडवरच्या त्या कॉलनीत दोघांच्या घरांत एकच भिंत होती आणि त्या भिंतीतून सगळं ऐकू येत असे, म्हणून रहेमानभाईंना काही सांगावं लागत नसे. त्यांची शाळेच्या मुलांची व्हॅन होती. मे महिन्यामुळे शाळा बंद, व्हॅन रिकामी, आणि रहेमानभाई सल्ल्याला मोकळे.

"गांगुर्डेसाहेब, यात डोकं कशाला लावायचं? जो सबसे नजदीक, तो पहले. तिथून जो जवळ, तो दुसरा. संपला विषय."

"याच हिशोबानं हे दूध आणायला निघतात," मागून आलेल्या शकीलाभाभी म्हणाल्या. "घराला जवळ पानटपरी. टपरीला जवळ दोस्ताचं गॅरेज. गॅरेजला जवळ भावाचं घर. दूध येतं संध्याकाळी मगरिबच्या नमाजाला, तेही फाटलेलं."

साधनाबाईंचा नियम वेगळाच होता आणि त्यात किलोमीटर नव्हते. "पहिली पत्रिका विहारात, भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे. दुसरी सायखेड्याला, सुलाआत्यांना. मग जगात कोणालाही द्या."

यावर वाद घालायची सोय नव्हती. सुलाबाई म्हणजे धम्मपालांची थोरली आत्या. तिनं त्यांना कडेवर वागवलेलं. ती रुसली तर निम्मी भावकी रुसायची. उरलेली निम्मी, ती का रुसली हे पाहायला तिच्या दारात बसायची, आणि लग्नाचा मांडव ओस पडायचा.

रविवारी होणारे जावई राज पुण्याहून आले. मुलगा गुणी. एका कंपनीत होता, मालाचे ट्रक कुठून कुठे कसे फिरवायचे ते संगणकाकडून ठरवून घ्यायचं त्याचं काम. जमिनीवरचा नकाशा आणि त्यावर पालथे पडलेले सासरे पाहून त्याचे डोळे चमकले.

"काका, हा तर आमचाच प्रॉब्लेम! द्या मला पत्ते."

"मी करतच होतो," धम्मपाल उठून बसत म्हणाले. "एकेक क्रम तपासला की झालं."

"सगळे क्रम तपासायला बसलात तर लग्न काय, नातवंडांची लग्नं होऊन जातील. इतके क्रम होतात. म्हणून आम्ही वेगळं करतो. सुरुवातीला काही मार्ग असेच, वाटेल तसे घ्यायचे. मग त्यातल्या चांगल्या मार्गांच्या जोड्या लावायच्या. त्यांना पोरं होतात. पोरांत थोडं आईचं येतं, थोडं बापाचं. जी कमजोर निघतात ती मरतात, बाकीच्यांच्या पुन्हा जोड्या. अशा पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवायचं. शेवटी जो उरतो तो झकास मार्ग, गोल, घरून निघून घरीच येणारा."

धम्मपालांनी नकाशावरच्या रस्त्यांकडे संशयानं पाहिलं.

"रस्त्यांची लग्नं?" धम्मपालांनी हळूच विचारलं.

"लग्नाच्या घरात मरायचं बोलू नका हो," साधनाबाई आतून म्हणाल्या.

"आणि अधूनमधून म्युटेशन करायचं," राज रंगात येऊन म्हणाला.

हा एक शब्द धम्मपालांना पक्का ठाऊक होता. म्युटेशन म्हणजे सातबाऱ्यावरचा फेरफार. त्यांच्या स्वतःच्या जमिनीचा फेरफार तलाठ्याकडे इतका मुरला होता, की त्याचं लोणचं झालं असतं. "ते इतकं सोपं नाही, राजराव. नोटीस निघते, हरकती मागवतात, सर्कल ऑफिसरची सही लागते."

"नाही काका, मार्गातल्या दोन गावांची अदलाबदल फक्त, ते आपोआप होतं."

"आपोआप? म्युटेशन? आपल्या जिल्ह्यात?"

"हो. मग प्रत्येकाचा फिटनेस बघायचा."

"फिटनेस मी मागच्याच महिन्यात आरटीओतून करून आणलाय," रहेमानभाईंनी भिंतीपलीकडून ओरडून सांगितलं.

राज हसला. त्याला वाटलं, सासुरवाडी विनोदी आहे. धम्मपालही हसले, कारण जावयासमोर न समजल्याचं दाखवणं त्यांच्या पदाला शोभलं नसतं. "म्हणजे तत्त्व तेच," ते मान हलवत म्हणाले. कोणतं तत्त्व, ते सुदैवानं कोणी विचारलं नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी बजावून सांगितली: "सायखेड्याची आत्या पहिली हवी बरं का."

"तेही सांगतो त्याला," राज म्हणाला.

पुढच्या शनिवारी सकाळी विहारातली पत्रिका ठेवून धम्मपाल घरी आले, तर मोबाईलवर मार्ग येऊन पडला होता. सुंदर, रंगीत, गोल. त्यात नांदगाव पहिलं होतं, मग दिंडोरी, मग इतर वस्त्या, आणि सगळ्यात शेवटी, घरी परतताना, सायखेडा.

"आत्या शेवटी?" साधनाबाई म्हणाल्या. "विचारा फोन करून."

पण विचारायचं म्हणजे मागचं समजलं नव्हतं हे कबूल करायचं. धम्मपालांनी मनाशी बराच खल केला आणि त्यांना राजचंच एक वाक्य आठवलं, की असा मार्ग गोल असतो. "अगं, गोलाला पहिलं-शेवटचं नसतं. कुठूनही धर. उलटा धरलास तर आत्याच पहिली."

"मग उलटे जा."

"ते... बाणांची दिशा आहे त्यात."

"हे गोलाचं आत्यांना तुम्हीच समजावून सांगा," असं म्हणून साधनाबाईंनी पाण्याची बाटली हातात दिली.

व्हॅन निघाली. मोबाईलनं मुंबई रस्ता धरायला सांगितला तेव्हा रहेमानभाईंनी गाडी हळू केली. "साहेब, नांदगाव तर मनमाडच्या पुढं. हे आपल्याला घोटीकडं का धाडतंय?"

नांदगावला धम्मपालांचे कचेरीतले जुने सहकारी निवृत्ती राहत. निवृत्ती निवृत्त होऊन गावी गेले, एवढंच धम्मपालांना माहीत. गाव मनमाडकडचंच, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं. पण आता वाटेना. माणसाला आपल्या ज्ञानाची खात्री असते कुठवर, तर मोबाईल बोलेपर्यंत. "भाई, त्यानं हजारो पिढ्या विचार केलाय. आपण एकाच पिढीचे. चला."

इगतपुरीकडंही एक नांदगाव निघालं. वेशीवर निवृत्तीचं घर विचारलं, तर तेही निघालं. ओट्यावर पांढऱ्या मिश्यांचे एक आजोबा बसलेले. धम्मपालांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हे निवृत्तींचे वडील असणार, असं त्यांनी ठरवलं.

"निवृत्ती आहेत का?"

"मीच की! या, या. लय उशीर क्येला."

उशीर झाला म्हणजे वाट पाहत होते, म्हणजे ठिकाण बरोबर. पाणी आलं, चहा आला, आंबे आले. आजोबा पावसाबद्दल बोलले, भाताच्या बियाण्याबद्दल बोलले, धम्मपाल कचेरीतल्या पेन्शनच्या फायलींबद्दल बोलले, आणि दोघंही एकमेकांना "बरोबर, बरोबर" म्हणत राहिले. निवृत्तींनी मिश्या ठेवल्या आणि ते फार लवकर म्हातारे झाले, अशी धम्मपालांची जवळजवळ खात्री पटली होती. पत्रिका दिली. आजोबांनी ती नातसुनेकडून मोठ्यानं वाचून घेतली, सगळ्या वाड्यावस्तीला ऐकवली आणि डोळे पुसले. "वळख ना पाळख, तरी माझी आठवण ठिवली. आम्ही समदे येऊ."

"ओळख ना पाळख?" धम्मपालांच्या हातातला आंबा शर्टावर पडला.

"मंग? मला वाटलं तुमी पंपाच्या दुरुस्तीला आला. कवाधरनं वाट बघतोय."

आता दिलेली पत्रिका परत मागायची, आणि तीही डोळे पुसलेल्या माणसाकडून? धम्मपालांनी हात जोडले आणि व्हॅनमध्ये येऊन बसले. आवक-जावक विभागाच्या इतिहासातली पहिली चुकीची जावक झाली होती.

फोनवर राज अगदी खजील झाला. "काका, नावावरून जागा शोधताना त्यानं दुसरं नांदगाव उचललं. सॉरी. मी पुन्हा चालवतो. आणि मी येतोच तिकडं, आत्ता निघतो."

"छे, छे, काही गरज नाही, सगळं व्यवस्थित आहे," धम्मपाल म्हणाले. त्यांच्या मांडीवर आजोबांनी दिलेली आंब्यांची पिशवी होती आणि शर्टावर रस होता.

नवा मार्ग आला. तो शहरातून जात होता आणि शहरात सिंहस्थाची कामं चालू होती. ज्या रस्त्यावर मोबाईल म्हणे सरळ जा, तिथे खड्डा आणि पाटी: पर्यायी मार्गाचा वापर करावा. पर्यायी मार्गावर गेलं की तिथेही तीच पाटी, बाण मागच्या दिशेला. बॅरिकेडजवळ एक माणूस खुर्ची टाकून बसला होता.

"आम्हाला फक्त पलीकडं जायचंय," धम्मपाल म्हणाले.

"परवानगी हाय का? ऑफिसातून आणा."

"कुठंय ऑफिस?"

त्यानं खड्ड्याच्या पलीकडे बोट दाखवलं. "तिकडं."

धम्मपाल स्वतः सरकारी माणूस. पहिल्यांदाच त्यांना जनतेच्या डोळ्यांनी सरकार दिसलं आणि ते पाहून फार काही समजलं नाही. एकच चौक ते इतक्या वेळा फिरले, की कोपऱ्यावरचा रसवाला हात करू लागला. दर फेरीला राजचा संदेश येई: नवीन पिढी तयार. दर नवीन पिढी आली की व्हॅन त्या ठिकाणाहून पुढे गेलेली असे. "साहेब, यांची पोरं जन्मतात तोवर आपण म्हातारे होतो," रहेमानभाई म्हणाले.

दिंडोरीला पोहोचले तेव्हा दुपार टळली होती. तिथे धाकटी आत्या अंबूबाई. तिचा मुलगा द्राक्षाच्या बागेत कामाला. घरात सगळ्यांना मिळून एक मोबाईल, तोही अंबूबाईंच्या पदराला. पत्रिका हातात पडताच तिनं एकच प्रश्न विचारला.

"सुलीला दिली?"

धम्मपालांना खोटं बोलता येत नसे. "देणार आहे. जाताना."

अंबूबाईंच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की बाहेरचं ऊन फिकं वाटावं. थोरल्या बहिणीच्या हाताखाली सारा जन्म गेला होता बिचारीचा. तिनं धम्मपालांना लाडू दिला, रहेमानभाईंना दोन दिले आणि पाहुण्यांची पाठ वळताच फोन लावला.

गाडी गावाबाहेर पडते न पडते तोच धम्मपालांचा मोबाईल वाजला.

"धम्या, मी मेले का रं?"

"आत्या, तसं नाही, मार्ग गोल आहे..."

"अंबीला पैली अन् मला नाय? ज्या हातांनी तुला घास भरवला त्ये तुटून पडलं का? मी निघाले. तुझ्या दारात येऊन साधनेला इचारते, अन् मंग या घरचं त्वांड बघणार नाय." फोन बंद.

"गाडी घराकडं," धम्मपाल म्हणाले. उरलेला लाडू त्यांनी खिशात कोंबला. निम्म्या वाटेत साधनाबाईंचा फोन आला. आत्या एका भाच्याच्या टेम्पोतून आल्या होत्या, वाटेत फार मोकळा रस्ता लागला असावा. पाणीसुद्धा न पिता उंबऱ्यात उभ्या राहिल्या. साधनाबाईंनी घाबरून सांगितलं, की ते तुमच्याकडेच सायखेड्याला निघालेत. हे ऐकून आत्या आल्या पावली परत गेल्या, दार उघडायला.

"भाई, सायखेडा," धम्मपाल म्हणाले.

सायखेड्याला दाराला कुलूप. शेजारच्या उज्ज्वलानं सांगितलं, "आत्या आल्या व्हत्या की. पर कुनी म्हनलं तुम्ही नाशकालाच हाय, तशा पुन्हा गेल्या."

धम्मपालांनी राजला फोन लावला. आता लाज वाटण्याच्या पलीकडे गेले होते ते. "राजराव, आत्या हलतेय."

"हलतेय म्हणजे? काका, ठिकाण हलायला लागलं तर प्रॉब्लेमच वेगळा होतो. त्यांचं लोकेशन मिळेल?"

"तिचा बटणांचा फोन आहे. आणि तो तिनं रागानं बंद केलाय."

धम्मपाल बंद दाराच्या ओट्यावर बसले. समोर गोदावरीकडे उतरणारी वाट. लहानपणी आजारी पडले, की आत्या त्यांना याच ओट्यावर मांडीवर घेऊन बसायची. आणि आपण सकाळपासून कुठे कुठे फिरलो, तर घोटीच्या एका अनोळखी माणसाला जेवायला बोलावून आलो, पण इथे आलो नाही. गोल कसला नि बाण कसला. आपल्याला काहीच कळलं नव्हतं आणि कळलं नाही असं म्हणायला जीभ उचलली नाही, एवढंच खरं. त्यांचे डोळे भरून आले. रहेमानभाईंनी आंब्यांची पिशवी पुढे केली.

शेवटी साधनाबाईंनी सूत्रं हातात घेतली. आत्या पुन्हा जेल रोडला येऊन थडकल्याबरोबर त्यांनी भाच्याच्या मोबाईलचा नंबर घेतला, त्यांना वाटेला लावलं आणि नवऱ्याला फोन केला. "सायखेड्याच्या वाटेवर चांदोरी फाट्यावर जाऊन उभे राहा. कोणीही बोलावलं तरी हलायचं नाही. राजलाही तिथंच सांगितलंय. एकानं तरी कुठंतरी थांबल्याशिवाय कोणी कोणाला भेटत नसतं."

फाट्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी धम्मपाल पत्रिका छातीशी धरून उभे राहिले. टेम्पो आला. सुलाबाई उतरल्या. पदर खोचलेला, ओठ घट्ट मिटलेले. धम्मपाल वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"रस्त्यावर पत्रिका घ्यायला मी काय टोलनाक्यावाली हाय?"

"चुकलं आत्या."

"कुनी टाकलं मला शेवटी? साधनेनं?"

नेमकी तेव्हाच पुण्याची गाडी येऊन थांबली आणि राज धावत आला. त्यानं वाकून जयभीम केला. घामाघूम झालेला तो मुलगा पाहून आत्यांचा आवाज थोडा खाली आला, पण थोडाच. "ह्योच का त्यो, अंजलीचा?"

"आत्या, यांचा दोष नाही," राज म्हणाला. "मी टाकलं. म्हणजे मी नाही, संगणकानं. तो प्रत्येक मार्गाचे किलोमीटर मोजतो आणि कमी असेल तो ठेवतो. त्याला मानपान कळत नाही. म्हणून मी त्याला सांगितलं होतं, की आत्यांना पहिलं ठेवलं नाहीस तर तुझ्या हिशोबात चाळीस किलोमीटरचा दंड. तर त्यानं पाहिलं, उलटं फिरायचं तर एकेरी रस्त्यांचे वळसे त्याहून जास्त, दंड भरलेला स्वस्त पडतोय. भरला आणि मोकळा झाला."

धम्मपालांना सबंध आठवड्यात पहिल्यांदाच काहीतरी समजलं. दंड भरून मोकळी होणारी माणसं त्यांनी कचेरीत ढिगानं पाहिली होती. पण आत्याकडे बघायची त्यांची छाती होईना. आत्याचा मान चाळीस किलोमीटर! आता ही इथंच, भर फाट्यावर, सगळी सोयरीक मोडणार.

सुलाबाईंनी मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

"चाळीस म्हंजी कुठवर?"

"इथून पार नाशिक ओलांडून पलीकडं, आत्याजी," रहेमानभाई घाईनं म्हणाले.

"हूं." आत्यांनी राजकडे रोखून पाहिलं. "आन अंबीला किती दंड लावला व्हता?"

राज खरं बोलणारा मुलगा होता. त्यानं सासऱ्याकडे पाहिलं, पण सासरे आभाळाकडे पाहत होते. "त्यांना... काही नव्हता लावला. शून्य."

"म्हंजी तिला कुठंबी टाकलं तरी चालत व्हतं?"

"संगणकाच्या दृष्टीनं, हो."

सुलाबाईंनी खोचलेला पदर सोडला, झटकला आणि नीट डोक्यावरून घेतला. ओठांचे कोपरे हलू लागले होते, ते त्यांनी महत्प्रयासानं जागेवर ठेवले. मग हात पुढे केला. "आन इकडं ती पत्रिका."

धम्मपालांनी दोन्ही हातांनी दिली. आत्यांनी ती कपाळाला लावली, अंजलीच्या नावावरून बोट फिरवलं, राजच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि धम्मपालांच्या पाठीत एक धपाटा घातला. तो त्यांना फार गोड लागला.

"चला आत्या, घरी सोडतो तुम्हाला," धम्मपाल म्हणाले. "बाकीच्या पत्रिका उद्या बघू."

पण आत्या तोवर व्हॅनच्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. पिशवी मांडीवर, नजर समोर.

"घरी नाय. आधी दिंडोरी."

"दिंडोरी? अहो, अंबूआत्याला पत्रिका केव्हाच मिळाली!"

"पत्रिका मिळाली रं," सुलाबाई म्हणाल्या आणि रहेमानभाईंना गाडी काढायची खूण केली. "पर चाळीस अन् शून्याचं तिला अजून कुठं कळलंय!"